आपल्याच रक्ताने जबड्याचे हाड भरते का?

कवळी घातली की भाकरी चावताना हलते, ही तक्रार आम्ही घरोघरी ऐकतो. मग कोणीतरी सांगते, हाडात स्क्रू बसवून पक्का दात मिळतो. खर्च ऐकून माणूस गप्प होतो. त्यातच दातांचे डॉक्टर म्हणतात, तुमचेच थोडे रक्त काढून, फिरवून तिथे भरू. त्याचे पैसे वेगळे. हे काय प्रकरण आहे?

हा स्क्रू टायटॅनियमचा असतो. हा धातू जिवंत हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनच्या ब्रेनमार्क यांना १९५२ साली सशाच्या हाडावर प्रयोग करताना कळले. १९६५ साली त्यांनी माणसाच्या जबड्यात असे दात बसवले. एकजीव व्हायला साधारण ३ ते ६ महिने जातात, आणि सगळी मदार तिथेच असते.

आता रक्ताचे काम. बोट कापले की रक्त गोठते, ते प्लेटलेट पेशींमुळे. पण रक्त थांबवून त्या स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्यातले वाढीचे घटक बाहेर पडून नव्या पेशींना आणि रक्तवाहिन्यांना कामाला लावतात. अमेरिकेच्या रॉबर्ट मार्क्स यांनी १९९८ साली ८८ रोग्यांच्या अभ्यासातून, यामुळे जबड्यात भरलेले हाड लवकर पक्के होते असे मांडले. २००१ साली फ्रान्सच्या शुक्रून यांनी रीत सोपी केली. दंडातून रक्त काढायचे, काहीही न मिसळता लगेच यंत्रात फिरवायचे. दहा-बारा मिनिटांत तळाला लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मधोमध जेलीसारखी गुठळी. तीच कामाची. उशीर झाला तर रक्त नळीतच गोठते, सारे वाया.

खरे सांगायचे तर, याने हिरडी लवकर भरते, सुरुवातीच्या आठवड्यांत स्क्रू जरा घट्ट धरतो, असे काही अभ्यासांत दिसले. काहींत फरकच दिसला नाही. ज्याचे हाड चांगले आहे त्याचा दात याविनाही बसतो. म्हणून मुलीच्या फीचे पैसे मोडण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा : माझ्या हाडाला हे कशासाठी हवे? एक्स-रेवर दाखवा. विचारायला लाजायचे कशाला!

आणि विडी-सिगारेट चालूच असेल, रक्तातली साखर वाढलेली असेल, तर ती गुठळी बिचारी काय करणार? रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खासगीत पैसे भरण्यापूर्वी तिथे एकदा जबडा दाखवून यावा; जाताना जुने एक्स-रे आणि गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी.