रेसिफेचा सांताक्रूझ

मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील सांताक्रूझ हे स्टेशन तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. हा शब्द पोर्तुगीज आहे. त्याचा अर्थ 'पवित्र क्रूस'. पोर्तुगीज लोक समुद्र ओलांडून जिथे जिथे गेले, तिथे तिथे हे नाव त्यांच्याबरोबर गेले. ब्राझील देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर रेसिफे नावाचे मोठे शहर आहे. तिथेही सांताक्रूझ नावाचे एक चर्च आहे. त्या चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत एका फुटबॉल क्लबचा जन्म झाला. त्याची ही हकिगत.

आधी शहराच्या नावाविषयी थोडे सांगतो, कारण ते तुम्हांला आवडेल. रेसिफे हा शब्द मूळ अरबी 'रसीफ' वरून आला आहे. रसीफ म्हणजे दगडांनी बांधलेली वाट. या शहराच्या बंदरापुढे समुद्रात खडकांची लांबच लांब रांग आहे. तिच्यावरून गावाला हे नाव पडले.

३ फेब्रुवारी १९१४ रोजी चौदा ते सोळा वर्षांच्या काही मुलांनी हा क्लब स्थापन केला. म्हणजे ती जवळजवळ तुमच्याच वयाची होती. ती रोज चर्चसमोर खेळत, म्हणून क्लबचे नाव सांताक्रूझ ठेवले. स्वतःचे मैदान नव्हते, पाठीशी कोणी श्रीमंत माणूस नव्हता. शहरात नौतिको आणि स्पोर्ट हे दोन क्लब आधीपासून होते. पण तिथे सधन घरांतील मंडळींचा वावर असे.

पहिल्याच सामन्यात या मुलांनी रिओ नेग्रो नावाच्या संघाला ७-० असे हरवले. त्यांपैकी पाच गोल एकट्या सिल्व्हियो माशादोचे होते. हरलेल्या संघाने पुन्हा सामना मागितला, पण एक अट घातली : सिल्व्हियोने खेळायचे नाही. मुलांनी अट मान्य केली. सिल्व्हियोच्या जागी कार्लिंदो उतरला. त्याने सहा गोल केले आणि सामना ९-० असा संपला!

तरीही हा क्लब तेव्हाच बुडायचा होता. रेसिफेच्या आसपासचा प्रदेश उसाचा. शहरात त्या सुमारास उसाचा रस काढणारे विजेचे यंत्र नवीनच आले होते. क्लबच्या तिजोरीत अवघे सहा मिलरेइस शिल्लक होते. कोणीतरी सुचवले, "या पैशांतून ते यंत्रच घेऊ या!" उन्हाळ्यात रसवंतीपुढे उभे राहिलेल्या कोणालाही हा मोह समजेल. पण अलेशांद्रे कार्व्हाल्यो या मुलाने टेबलावर जोराने मूठ आपटली आणि विरोध केला. यंत्र आले नाही, क्लब राहिला. ही गोष्ट सांताक्रूझचे चाहते आजही मोठ्या हौसेने सांगतात.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८८८ मध्ये. त्यानंतरही कितीतरी वर्षे फुटबॉल हा गोऱ्या व सुखवस्तू लोकांचा खेळ समजला जाई. सांताक्रूझमध्ये मात्र तेओफिलो बातिस्ता दे कार्व्हाल्यो हा कृष्णवर्णीय तरुण सुरुवातीच्या काळातच खेळू लागला. त्या प्रांतातील पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूंमध्ये त्याची गणना होते. लोक त्याला 'लाक्राइया' म्हणत. लाक्राइया म्हणजे गोम! गरीब वस्त्यांतील लोकांना हा क्लब आपला वाटला, तो या मोकळ्या दारामुळे, असे मला वाटते.

क्लबचे रंग आधी काळा व पांढरा असे दोनच होते. दुसऱ्या एका संघाचे रंगही तेच निघाले, तेव्हा त्यांत लाल रंग मिसळला. या तीन रंगांचे पट्टे पोवळा सापाच्या अंगावर असतात. म्हणून तो साप क्लबचे चिन्ह झाला.

१९७२ मध्ये आरुदा या भागात क्लबचे भव्य स्टेडियम सुरू झाले. २९ ऑगस्ट १९९३ रोजी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ब्राझीलने येथे बोलिव्हियाला ६-० असे हरवले. त्या दिवशी ब्राझीलचे खेळाडू एकमेकांचे हात धरून मैदानात आले. पुढच्या वर्षी विश्वचषक जिंकेपर्यंत त्यांनी ती रीत सोडली नाही. २००२ च्या विश्वविजयी संघातील रिव्हाल्दो हा खेळाडूही तरुणपणी सांताक्रूझकडूनच खेळला होता.

आता कठीण काळाकडे येऊ. ब्राझीलच्या राष्ट्रीय स्पर्धेत चार श्रेणी आहेत. शेवटी राहणारे संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. वार्षिक परीक्षेत नापास होणारा निदान त्याच वर्गात राहतो; इथे तो एक इयत्ता खाली जातो! सांताक्रूझ २००६, २००७ आणि २००८ अशी सलग तीन वर्षे खाली आला आणि पहिल्या श्रेणीतून थेट चौथ्या श्रेणीत पोहोचला. अशा वेळी स्टेडियम ओस पडेल असे कोणालाही वाटले असते. घडले उलटे. २०११ मध्ये देशातील सर्व श्रेणींतील सर्व क्लबांपेक्षा जास्त सरासरी प्रेक्षक या चौथ्या श्रेणीतील संघाच्या सामन्यांना आले. वर जाण्यासाठीच्या निर्णायक सामन्याला सुमारे साठ हजार माणसे होती. सामना ०-० असा सुटला. तेवढे पुरेसे होते. संघ तिसऱ्या श्रेणीत गेला.

या गर्दीचे सारेच काही गोड नाही. २०१४ मध्ये याच स्टेडियमवरून एका सामन्यानंतर शौचालयाची भांडी खाली फेकली गेली आणि एका तरुणाचा जीव गेला. अशा वागण्याला क्लबवरचे प्रेम म्हणता येत नाही.

पुढे २०१६ मध्ये सांताक्रूझ पुन्हा पहिल्या श्रेणीत खेळला. त्याच वर्षी ईशान्य ब्राझीलचा चषकही त्याने जिंकला, आणि वर्षाअखेर पुन्हा घसरण सुरू झाली. २०२१ मध्ये तो चौथ्या श्रेणीत उतरला. २०२४ मध्ये तर राष्ट्रीय स्पर्धेत त्याला जागाच मिळाली नाही. २०२५ मध्ये तो परत आला, चौथ्या श्रेणीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि तिसऱ्या श्रेणीत जाण्याचा हक्क त्याने मिळवला.