ज्वारीच्या नकाशावर उसाचा शोध

सभासद बंधूंनो, उसाची नवी जात यायला दहा-बारा वर्षे का लागतात, हा प्रश्न गटसभेत हमखास निघतो. एक कारण उसाच्या पेशीतच आहे. ज्वारीत गुणसूत्रे 20, भातात 24, आणि आपल्या लागणीच्या उसात शंभराच्या वर! या गर्दीत एक जनुक हुडकणे म्हणजे जत्रेत चुकलेले पोर शोधणे.

पण कल्याण-मुरबाडकडे पिकणारे भात, सोलापूरची ज्वारी आणि आपला ऊस, तिन्ही गवताच्याच कुळातली. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, तरी जनुकांचा क्रम बराचसा तोच राहिला. शेजारची जनुके बहुधा जोडीनेच पुढल्या पिढीत उतरतात. म्हणून भाताचा 2005 साली पुरा झालेला आराखडा (त्यात भारतीय शास्त्रज्ञांचाही वाटा होता) आणि ज्वारीचा 2009 चा, दोन्ही उसाच्या कामी येतात. त्यातही ज्वारी जास्त जवळची.

तांबेऱ्याचेच घ्या. आर 570 या रियुनियन बेटावरील जातीत ब्रू-1 हे प्रतिकारक जनुक आहे. ते शोधताना ज्वारी-भाताच्या नकाशांचा आधार घेतला. मात्र नेमक्या जागी उसात एक जादा तुकडा घुसलेला निघाला. नातेवाइकाने गाव दाखवले, घर आपणच शोधायचे! याच जातीचा सविस्तर आराखडा 2024 साली प्रसिद्ध झाला.

अशी खूण सापडली की रोप लहान असतानाच पान तपासून निवड करता येते. साखर उतारा आणि खोडवा मात्र शेतातच पाहावा लागतो. तेव्हा पाडेगाव किंवा मांजरीच्या चाचण्यांतून न गेलेले बेणे कोणी बांधावर आणून दिले, तर आधी गट कार्यालयात विचारा.