कॅमेऱ्याला कौल

१९६९ च्या दसऱ्याला मी दहा वर्षांचा होतो आणि बाबांची बॅग धरायचं काम माझ्याकडे होतं. मालवणच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ. लग्नं, मुंजी आणि बोटीवरच्या नोकरीसाठी लागणारे पासपोर्टचे फोटो, यांवर घर चालायचं. त्या वर्षी बाबांच्या मनात आलं की गावच्या रवळनाथाची तरंगं निघतात, त्यांचे फोटो काढावेत. साड्या नेसवलेले उंच खांब, ते पेलणारी घामाघूम माणसं, ढोलांचा कल्लोळ. बाबांनी कॅमेऱ्याचं झाकण काढून माझ्या हातात दिलं, तेवढ्यात गावकर म्हणाले, "देवाक इचारलंस काय?"

बाबांनी झाकण परत लावलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, कौल घ्यायला पाषाणाला कळे लावले. डावा कळा पडला. म्हणजे नाही. बाबांनी यशिका कॅमेरा बॅगेत ठेवला आणि ते सगळ्यांबरोबर सोनं लुटायला निघाले.

ही गोष्ट मला पुन्हा आठवली ती पार कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर. माझी लेक व्हँकूव्हर बेटावर नानाइमोला राहते. तिच्याकडे गेलो असताना तिने एका संध्याकाळी टीव्हीवर एक कृष्णधवल लघुपट लावला, 'ब्लंडन हार्बर'. १९५१ सालचा. रॉबर्ट गार्डनरचा. याच गार्डनरने पुढे काशीत 'फॉरेस्ट ऑफ ब्लिस' केला. कॅमेरा होता विल्यम हाइक यांचा. हे गृहस्थ युद्धात अमेरिकी नौदलाचे फोटोग्राफर होते. युद्ध संपल्यावर सॅन फ्रान्सिस्कोत अॅन्सेल अॅडम्स आणि मायनर व्हाइट यांच्या हाताखाली शिकले. कॅनडाच्या त्या किनाऱ्यावर त्यांनी साधे फोटोही पुष्कळ काढले.

पडद्यावर ब्लंडन हार्बर हे गाव दिसलं. पाण्याच्या काठाने लाकडी फळ्यांची लांब वाट, तिच्यामागे घरांची रांग, पुढे बोटी. ओहोटीला चिखलात वाकून तिसऱ्या काढणारी माणसं. माझी आजी कोळंबच्या खाडीत अशीच कमरेत वाकायची. मग दृश्य पालटतं. तीच माणसं मुखवटे घालून नाचू लागतात, आणि मी खुर्चीत सावरून बसलो. धंद्याचा माणूस पहिल्यांदा एकच गोष्ट बघतो, समोरच्याला कॅमेरा चालतोय की नाही. इथे चालत होता. का चालत होता, ते कळायला मला दोन महिने लागले.

ही माणसं क्वाक्वाकावाक्व. नावाचा अर्थ, क्वाक्वाला भाषा बोलणारे. व्हँकूव्हर बेटाचं उत्तर टोक आणि समोरचा मुख्य भूमीचा किनारा, हा त्यांचा मुलूख. त्यांच्या जगण्याच्या केंद्रस्थानी जो सोहळा आहे त्याला जग पॉटलॅच म्हणतं. लग्न, बारसं, मृत्यू, वारसाने मिळालेलं नाव धारण करणं, अशा कारणाने घरचा प्रमुख लोकांना बोलावतो, घराण्याचे नाच नाचवतो आणि जमवलेली संपत्ती वाटून टाकतो. ज्याने जास्त दिलं तो मोठा.

इंग्रजीत हे समजावून सांगायला पानंच्या पानं लागतात. आपल्याकडे 'लुटणे' हा शब्द आहे. दसऱ्याला सोनं लुटतात, संक्रांतीला बायका वाण लुटतात. दुसऱ्याचं ओरबाडणं आणि आपलं उधळून देणं, या दोन्हींना मराठीत एकच क्रियापद. फरक आहे तो अहेराचा. आपल्या लग्नात पाहुणा देतो आणि यजमानाच्या घरचं कोणीतरी वहीत मांडून ठेवतं. तिथे यजमान देतो आणि नोंद पाहुण्याच्या डोक्यात राहते. अमुक नाव अमक्याला मिळालं, अमुक नाच अमक्याच्या घरचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं, असं वीस वर्षांनीही सांगायची जबाबदारी पाहुण्याची. भेटवस्तू हे त्या साक्षीचं मोल. लिहिलेले सातबारे नसलेल्या समाजाची ही नोंदणी कचेरीच.

कॅनडाच्या सरकारला आणि मिशनऱ्यांना ही निव्वळ नासाडी वाटली. १८८४ मध्ये कायदा झाला आणि १८८५ पासून पॉटलॅच हा गुन्हा ठरला. लोक आडबाजूच्या गावांत, हिवाळ्यात, बोटींना धोका असेल अशा हवेत जमू लागले. १९२१ च्या नाताळच्या सुमारास व्हिलेज आयलंडवर डॅन क्रॅनमर यांनी मोठा पॉटलॅच केला. वाटलेल्या वस्तूंत मोटारबोटी होत्या, बिलियर्डची टेबलं होती, शिवणयंत्रं, ग्रामोफोन आणि पिठाची पोती होती. बातमी फुटली. ४५ जणांवर खटले झाले, २० बायका-पुरुष ओकाला तुरुंगात गेले. इतरांना सांगण्यात आलं की तुमच्या गावाने मुखवटे, खुळखुळे, तांब्याच्या मानाच्या ढाली सरकारजमा केल्या तर शिक्षा स्थगित.

त्या ऐवजाचे फोटो आहेत. अलर्ट बे गावातल्या चर्चच्या सभागृहात बाकांवर मुखवटे ओळीने मांडलेले, ढाली एकीला एक टेकवून ठेवलेल्या. मी आयुष्यात पोलिसांसाठी पंचनाम्याचे फोटोही काढले आहेत. प्रकाश सपाट, सगळं एका चौकटीत, माणूस एकही नाही. हे फोटो त्याच जातीचे. ज्या सोहळ्यात माणसांना साक्षीला बोलावतात, त्याच सोहळ्याविरुद्ध इथे कॅमेरा साक्ष देत होता.

याआधीही त्या किनाऱ्यावर कॅमेरे आले होते. सर्वांत गाजलेले एडवर्ड कर्टिस. १९१४ च्या आपल्या चित्रपटासाठी त्यांनी याच लोकांना केसांचे टोप चढवले, जुन्या घरांची दर्शनी भिंत उभी केली, जेणेकरून गोऱ्यांची पावलं पडण्याआधीचा काळ दिसावा. बंदी असलेले नाच पडद्यासाठी नाचायला मिळाले, हा भाग वेगळा. पण त्या चौकटीत मोटारबोटीला जागा नव्हती. 'लोप पावणारी जमात' दाखवायची तर तिच्या घरात शिवणयंत्र कसं चालेल?

म्हणून मला विसाव्या शतकाच्या मध्यावरचे फोटो जवळचे वाटतात. त्यांत काही लपवलेलं नाही. फळ्यांच्या वाटेवर रबरी बूट आहेत, धक्क्याला इंजिनाच्या बोटी आहेत. सोहळ्यातली ती झळझळीत घोंगडी पाहा. कापड व्यापारी कंपनीच्या लोकरीचं, निळं किंवा काळं, लाल काठ लावलेलं, आणि त्यावर घराण्याचं चिन्ह शेकडो शिंपल्यांच्या बटणांनी रेखलेलं. लोकर बाहेरची, बटणं विकतची, आणि तरी ती पाहून बसलेल्यांना कळतं, हा कुठल्या घरचा.

ब्लंडन हार्बरच्या त्या लघुपटात विली सीवीड आहेत. गावचे प्रमुख आणि थोर मुखवटेकार. जन्म १८७३ च्या आसपासचा. म्हणजे बंदी आली तेव्हा वय जेमतेम बारा आणि उठली तेव्हा सत्तरीच्या पलीकडे. उमेदीची सगळी वर्षं गुन्ह्यात गेली. ते डोळ्यांची वर्तुळं कंपासने काढत. त्यांच्या मुखवट्याच्या बुबुळाच्या मध्यावर टोकाचं बारीक भोक सापडतं. चकाकता तेलरंग दुकानातला. या माणसाने बंदीच्या काळात मुखवटे घडवले ते संग्रहालयासाठी नव्हेत. ते चोरून नाचवले जात होते म्हणून नवे लागत होते.

आणि १९५१ साली, हा लघुपट झाला त्याच वर्षी, बंदी उठली. उठली म्हणजे काय, कायदा नव्याने लिहिताना ते कलम गाळलं. माफी नाही, घोषणा नाही. १९५३ च्या डिसेंबरात फोर्ट रूपर्टचे मंगो मार्टिन यांनी व्हिक्टोरिया शहरात, प्रांतिक संग्रहालयाच्या अंगणात, पारंपरिक मोठं घर बांधून त्याच्या प्रवेशाला पॉटलॅच केला. बंदीनंतरचा हा पहिला जाहीर पॉटलॅच. कॅमेरे समोर होते, आणि या खेपेला ते पाहुणे म्हणून आले होते. लघुपट पाहताना मला जाणवलेली मोकळीक हीच. मात्र नाच, गाणं, मुखवटा ही आजही घराण्याची मालमत्ता आहे. ज्याचा हक्क त्यालाच विचारायचं. गावकरांचा प्रश्न तिथेही लागू आहे.

गंमत म्हणावी की दैव, संपलं ते वेगळंच. सोहळा राहिला, गाव गेलं. १९६४ मध्ये सरकारने ब्लंडन हार्बरच्या लोकांना शाळा, दवाखाना, घरं यांची आश्वासनं देऊन पोर्ट हार्डीजवळ हलवलं. घरं पुरेशी नव्हतीच. मागची जुनी घरं जाळण्यात आली, परतीची वाट राहू नये म्हणून. ती फळ्यांची वाट आज हाइक यांच्या फिल्मवर आहे.

शेवटी मी पोर्ट मॅकनीलहून फेरी पकडून अलर्ट बेला गेलो. तिथे १९८० साली उघडलेलं उमिस्ता सांस्कृतिक केंद्र आहे. शत्रूने पळवून नेलेली माणसं सुटून घरी येत, त्या घरी येण्याला उमिस्ता म्हणत. जप्त झालेले मुखवटे लढून परत मिळवले आणि इथे मांडले, काचेच्या पेटीत न घालता. खूप वर्षं कोंडून राहिले होते, आता पुरे. मी एका मुखवट्यासमोर उभा राहिलो. मध्ये काच नसली की आपणच जरा मागे सरतो.

मालवणला परतल्यावर बाबांची निगेटिव्हची पत्र्याची पेटी उघडली. पाकिटांवर त्यांचं टपोरं अक्षर. लग्न, मुंज, अमक्याची बोट. एका पाकिटात १२० च्या रोलची पट्टी होती. पाच फोटो एका बारशाचे, पुढचे सात कोरे, पुसलेल्या काचेसारखे पारदर्शक. पाकिटावर लिहिलं होतं, 'दसरा १९६९. कौल मिळाला नाही.'

पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने सात फोटोंची फिल्म वाया घालवली आणि ती जपूनही ठेवली. १८८५ ते १९५१ या काळात त्या किनाऱ्यावरच्या हिवाळी रात्रींचीही अशीच कोरी पट्टी आहे. आमच्याकडे देवाने नाही म्हटलं होतं, त्यांच्याकडे सरकारने. दिव्यासमोर धरलं तर दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतील. म्हणून पाकिटावर लिहून ठेवावं लागतं.