वर द्रुत, खाली विलंबित

१९६९ साली ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन बँडच्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमनने जेमतेम सहा-सात सेकंद नुसते ड्रम वाजवले. वीसेक वर्षांनी लंडनच्या पोरांनी तोच तुकडा कापला, पळवला, उलटसुलट जोडला. त्यातून आधी ‘जंगल’ आणि मग ‘ड्रम अँड बेस’ उभं राहिलं. कोलमनला त्याचा एक पैसाही मिळाला नाही.

ड्रम अँड बेसचा ठेका मिनिटाला साधारण १७० ते १७५ मात्रांचा. बेस मात्र बहुधा निम्म्या लयीत चालतो. वर द्रुत, खाली विलंबित म्हणा ना. पोटप्रकारांमधला फरक बराचसा या खालच्या मजल्यावरचा. १९९०च्या दशकाच्या मध्यावर आलेलं टेकस्टेप कोरडं, कारखान्यासारखं. त्यातूनच न्यूरोफंक निघालं. यात बेसचा सूर एका जागी ठरतच नाही. गुरगुरतो, पिळवटतो, मध्येच दाराच्या बिजागरीसारखा करकरतो. एड रश आणि ऑप्टिकल यांचा ‘वर्महोल’ (१९९८) हा त्याचा अस्सल नमुना. लिक्विड अगदी उलट: पियानो, सोल गायकी, मोकळी हवा. जंप-अप धसमुसळं, नाचायला उत्तम. घरी बसून ऐकायला मला तरी कंटाळवाणं वाटतं.

या संगीतात शिरायला आपल्या कानांना जवळचं दार म्हणजे तबलावादक तलविन सिंग. त्यांच्या ‘ओके’ या अल्बमला १९९९चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. तिथून सुरुवात करा, पण हेडफोन लावून. मोबाइलच्या स्पीकरवर यातला बेस ऐकूच येत नाही.