शालेय वर्षारंभ आणि बालकांचे दंतआरोग्य

शालेय वर्षारंभीची दंततपासणी म्हणजे नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी बालकाचे दात, दाढा व हिरड्या दंतवैद्याकडून तपासून घेणे आणि आवश्यक ते उपचार शाळा उघडण्याच्या आत पूर्ण करणे होय. महाराष्ट्रातील बहुतांश शाळा जूनच्या मध्यास सुरू होत असल्याने या कामासाठी मे महिना सोयीचा ठरतो. दात भरणे किंवा मुळाचा उपचार करणे यांसाठी अनेकदा दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात दंतवैद्याकडे गेलेल्या बालकाचे उपचार हमखास शाळेच्या दिवसांत लांबतात.

सहा वर्षांची दाढ

बालकाच्या तोंडात दुधाचे २० दात असतात, वरच्या जबड्यात १० आणि खालच्या जबड्यात १०. पहिलीत प्रवेश घेण्याच्या वयात, म्हणजे सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ उगवते. ही पहिली कायमची दाढ होय. तिच्यासाठी दुधाचा कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात बहुधा कोणाच्या लक्षातच येत नाही. पुढचा दात हलू लागला की घरभर चर्चा होते, पडलेला दात छपरावर टाकला जातो. मागची दाढ मात्र गाजावाजा न होता येते आणि दुधाचीच समजली जाते. ‘पडणारच आहे’ असे म्हणून तिच्यातील कीड दुर्लक्षिली गेली, तर सातव्या-आठव्या वर्षी काढावी लागणारी दाढ पुन्हा येत नाही.

ओळखण्याची रीत सोपी आहे. पुढच्या दोन दातांमधील मध्यरेषेपासून एका बाजूने मोजत गेल्यास पाचव्या क्रमांकापर्यंतचे दात दुधाच्या दातांच्या जागा होत. सहावा दात दिसला तर तो कायमचा. उगवू लागल्यापासून समोरच्या दाढेला टेकेपर्यंत या दाढेला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्या काळात ती शेजारच्या दातांपेक्षा खाली राहते, सरळ फिरवलेला ब्रश तिच्या माथ्यावरून निघून जातो आणि तिच्या खोल खाचांत अन्नकण साचतात. म्हणून ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत नेऊन ही दाढ स्वतंत्रपणे घासावी लागते. खाचा फार खोल असल्यास दंतवैद्य त्या सीलंट नावाच्या लेपाने बुजवतात. यात दात कोरावा लागत नाही व वेदनाही होत नाहीत.

दुधाच्या दाढांनाही किरकोळ मानता येत नाही. त्या दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखतात. त्या लवकर काढल्या गेल्यास शेजारचे दात सरकून पुढील दात वेडेवाकडे येऊ शकतात.

कीड कशी लागते

दातांवरील चिकट थरातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि हे आम्ल दंतवल्कातील खनिजे विरघळवते. प्रत्येक गोड घासानंतर सुमारे अर्धा तास हा परिणाम राहतो. त्यानंतर लाळ तो भरून काढू लागते. त्यामुळे किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले हे अधिक महत्त्वाचे ठरते. जेवणासोबत वाटीभर आमरस खाणाऱ्या मुलापेक्षा दुपारभर बर्फाचा गोळा, गोळ्या आणि चहात बुडवलेली बिस्किटे यांवर असणाऱ्या मुलाच्या दातांना अधिक धोका असतो. २००२-०३ मध्ये भारतीय दंतपरिषदेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५ वर्षे वयाच्या सुमारे निम्म्या मुलांत कीड आढळली होती.

गूळ साखरेपेक्षा दातांना कमी अपायकारक असतो, हा समज निराधार आहे. गुळाचा मुख्य घटक साखरच असून तो अधिक चिकट असतो. चिक्कीलाही हेच लागू पडते.

मार्केट यार्ड परिसर

पुण्यातील गुलटेकडी येथील श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्डात गूळ-भुसार तसेच फळे-भाजीपाला असे स्वतंत्र विभाग आहेत. भाजीपाल्याच्या गाड्या रात्रीच येऊ लागतात आणि व्यवहार पहाटेपूर्वी सुरू होतो. हमाल, तोलणार, अडत्यांकडील कामगार आणि किरकोळ विक्रेते यांपैकी अनेक जण मुले उठण्यापूर्वीच घराबाहेर पडलेले असतात. अशा घरांत सकाळी पालकांनी मुलांचे दात घासून द्यावेत, हा पाठ्यपुस्तकी सल्ला व्यवहारात उतरत नाही. त्याऐवजी रात्रीचे घासणे पालकांनी हाती घेणे अधिक शक्य असते, आणि शास्त्रीयदृष्ट्याही तेच अधिक मोलाचे आहे. कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांवर राहिलेले अन्न रात्रभर अपाय करते. सात-आठ वर्षांपर्यंत बालकाच्या हाताला पुरेशी सफाई नसल्याने मोठ्या माणसाने घासून देणे आवश्यक असते.

तपासणी पुढे ढकलली जाण्यामागे अनेकदा निष्काळजीपणा नसून बुडणारा रोज असतो. फळे-भाजीपाला विभागाला शनिवारी साप्ताहिक सुट्टी असते. त्या विभागात काम करणाऱ्या पालकांना ही वेळ उपयोगी पडू शकते. जवळच धनकवडी येथे भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, तर कॅम्प भागात आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत बालदंतरोगाचा स्वतंत्र विभाग असतो. तेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खर्च खासगी दवाखान्यापेक्षा साधारणतः कमी येतो, वेळ मात्र अधिक लागतो.

पेस्ट, ब्रश आणि मिश्री

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या बालकास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत दिसणारी ब्रशभर पेस्ट कोणत्याच बालकाला लागत नाही. घासल्यानंतर पेस्ट थुंकावी, पण भरपूर पाण्याने चूळ भरू नये, अन्यथा फ्लोराइड धुऊन जाते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांच्या काही भागांत विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यातच फ्लोराइड अधिक असते. तेथून पुण्यात आलेल्या मुलांच्या दातांवरील तपकिरी डाग कीड नसून फ्लोरोसिस असू शकतात.

तंबाखू तव्यावर भाजून केलेली मिश्री महाराष्ट्रातील अनेक घरांत दात घासण्यासाठी वापरली जाते आणि आजी किंवा आईच्या डबीतून ती मुलांच्या बोटावर येते. तंबाखूयुक्त दंतमंजन व टूथपेस्ट यांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. घरी भाजलेल्या मिश्रीपर्यंत मात्र ती पोहोचत नाही.

शासकीय कार्यक्रम

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्याअंतर्गत फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची एकदा तपासणी करतात; तपासल्या जाणाऱ्या विकारांत दंतविकारांचाही समावेश आहे. पथकात दंतवैद्य असतोच असे नाही. ही प्राथमिक चाळणी असून संदर्भपत्र मिळालेल्या बालकाला पुढे रुग्णालयात नेण्याचे काम पालकांवर येते, आणि साखळी बहुधा तेथेच तुटते. महाराष्ट्र शासनाच्या स्वच्छ मुख अभियानाचे सदिच्छादूत म्हणून २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांची नियुक्ती झाली.

शाळेतील अपघात

सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पुढचे कायमचे दात येतात आणि खेळताना पडल्यावर सर्वप्रथम तेच दुखावतात. कायमचा दात मुळासकट निखळल्यास तो मुळाला स्पर्श न करता माथ्याकडून धरावा, माती लागली असल्यास हलकेच धुवावा आणि शक्य झाल्यास खळग्यात परत बसवावा. अन्यथा दुधाच्या भांड्यात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. दात कोरडा पडू दिल्यास तो पुन्हा रुजण्याची शक्यता झपाट्याने घटते. निखळलेला दुधाचा दात परत बसवत नाहीत, कारण त्यामुळे खालच्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.