कांतिनातली दुपार, कॅबरेतली रात्र

मेक्सिको सिटीत रात्रीच्या मैफलीची सुरुवात दुपारी दोनलाच होते. जेवणाची वेळ हीच, आणि जुन्या वळणाच्या कांतिनात जेवण वेगळं मागवावं लागत नाही. पहिला ग्लास टेबलावर आला की त्याच्या मागोमाग कोलंबीच्या झणझणीत सुपाची वाटी येते. दुसऱ्याबरोबर कुरकुरीत टोस्तादा आणि तिसऱ्याबरोबर मांसाचा एखादा रस्सा येतो. पैसे फक्त पेयाचे द्यायचे. या खाण्याला ‘बोताना’ म्हणतात. ग्लास वाढत जातील तशी बशीही भारी होत जाते, त्यामुळे गिऱ्हाईक बूड हलवत नाही. शेजारच्या टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या खाडखाड आपटत असतात. कोणी चामडी पेल्यात फासे खुळखुळवतो, तर कोणी सहाच्या सुमाराला घरी निघायचं म्हणत पुन्हा खुर्ची पुढे ओढतो.

दारूचा गुत्ता, खानावळ आणि चावडी या तिन्हींचं काम कांतिना करते. शहराच्या मुख्य चौकाजवळच्या ‘एल निवेल’ या कांतिनाकडे शहरातला पहिला परवाना होता, आणि तो ती अभिमानाने मिरवायची. २००८ साली ती बंद झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी एखादा वडीलधारा माणूस गेल्यासारखी बातमी दिली. सिंको दे मायो रस्त्यावरचं ‘ला ओपेरा’ मात्र अजून उभं आहे. गडद लाकडी कोरीवकाम, मोठमोठे आरसे, मखमली बाकं असा त्याचा थाट. छतात एक भोक आहे. मेक्सिकोच्या क्रांतीतला सेनानी पांचो विया घोड्यावरून आत आला आणि त्याने वर गोळी झाडली, अशी कथा तिथला प्रत्येक वेटर नव्या पाहुण्याला ते भोक दाखवून सांगतो.

या सगळ्या थाटाला दुसरी बाजूही आहे. काही जुन्या कांतिनांत बारच्या पायथ्याशी फरशीची पन्हळ काढलेली दिसते. पिणाऱ्याला लघवीसाठीसुद्धा जागा सोडावी लागू नये, म्हणून केलेली ही सोय. ही जागा कोणासाठी बांधली होती, हे त्या पन्हळीवरूनच कळतं. दारावर पाटी असायची: स्त्रिया, अल्पवयीन मुलं आणि गणवेशातली माणसं यांना प्रवेश नाही. ती नुसती रूढी नव्हती, नियमच होता, आणि तो विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत टिकला. १९८०नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत तो उठला. तरीही या शहराच्या रात्रीला आज जो कंठ आहे, जी धारदार जीभ आहे, ती मोठ्या प्रमाणात बायकांनी दिलेली आहे. दाराबाहेर ठेवलेल्या बायका कांतिनाचंच गाणं आणि कांतिनातलीच टवाळी घेऊन मंचावर चढल्या, आणि दारू प्यायला आलेल्या माणसांना त्यांनी ऐकायला बसवलं.

आधी ग्लासाकडे वळू. टकिला निळ्या आगावेपासून बनते. ही वनस्पती घायपातीच्या कुळातली. ती तयार व्हायला साधारण सहा ते आठ वर्षं लागतात. मग काटेरी पानं छाटून मधला गाभा काढतात. अननसासारख्या दिसणाऱ्या या गाभ्याला ‘पिन्या’ म्हणतात. तो भट्टीत शिजवायचा, चिरडून रस काढायचा, रस आंबवायचा आणि दोनदा ऊर्ध्वपातन करायचं. टकिला हे नाव कोणत्या प्रदेशातल्या दारूला लावता येईल, हे १९७४ पासून कायद्याने ठरलेलं आहे आणि त्यात हालिस्को राज्य प्रमुख आहे. मेस्कल तिची थोरली बहीण. ओआहाकाकडच्या खड्ड्यांतल्या भट्ट्यांमध्ये गाभे भाजले जात असल्याने तिला धुराचा वास असतो. परदेशी पाहुणा मार्गारीता मागवतो. गावातला माणूस बहुधा पालोमा घेतो: टकिला, पपनसाच्या चवीचा सोडा, लिंबू आणि मीठ. चांगली टकिला कोणी घाईने घशाखाली ओतत नाही. ‘काबायितो’ नावाच्या उभ्या, अरुंद पेल्यातून ती घोट घोट घेतात. सोबत दुसऱ्या पेल्यात आंबट-तिखट, लालबुंद ‘सांग्रिता’ असते.

अंधार पडला की पावलं गारिबाल्दी चौकाकडे वळतात. तिथलं ‘सालोन तेनाम्पा’ १९२५ साली सुरू झालं. मालक हालिस्कोतल्या कोकुला गावचा. त्याने आपल्या मुलखातले वादक राजधानीत आणले, आणि तिथून मारियाची या शहराचं झालं. व्हायोलिनं, ट्रम्पेट, छोटी विहुएला आणि ढेरपोट्या गितारोनचा खर्ज असा हा ताफा चांदीच्या बटणांचे घट्ट पोशाख घालून टेबलाशी येऊन उभा राहतो. भाव गाण्यागणिक ठरतो. मारियाची संगीताला २०११ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली, पण तेनाम्पात ते अजूनही रोजंदारीवरचं काम आहे. वादक मध्यरात्रीनंतरही चौकात गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे असतात.

त्याच गर्दीत एक माणूस लाकडी पेटी गळ्यात अडकवून दोन धातूच्या नळ्या एकमेकींवर वाजवत फिरतो. पेटीत विजेचा सौम्य झटका असतो. मित्रमंडळी हात धरून साखळी करतात, टोकाचे दोघे एकेक नळी पकडतात आणि पेटीवाला हळूहळू झटका वाढवत नेतो. ज्याचा हात पहिल्यांदा सुटेल तो हरला. या खेळाचेही पैसे मोजावे लागतात.

तेनाम्पाच्या भिंतींवर गायकांची चित्रं आहेत. त्यांत होसे आल्फ्रेदो हिमेनेस आहे. १९२६ साली दोलोरेस इदाल्गो गावी जन्मलेल्या या माणसाला कोणतंच वाद्य वाजवता येत नव्हतं, स्वरलिपीही वाचता येत नव्हती. चाल तो गुणगुणून सांगायचा. तरी मेक्सिकोत दारूच्या टेबलाशी बसून प्रेमभंगाचं दुःख कसं गावं, हे त्यानेच ठरवून दिलं. १९७३ मध्ये तो गेला, तेव्हा वयाची पन्नाशीही झाली नव्हती.

आणि त्याची मैत्रीण, चावेला वार्गास. जन्म कोस्टा रिकातला, १९१९चा. किशोरवयातच ती मेक्सिकोला आली. पुरुषांसारखी विजार, अंगावर लाल होरोंगो (पोंचो), तोंडात सिगार. गाण्यात तिने केलेला बदल त्याहून धीट होता. रांचेरा म्हणजे ट्रम्पेटचा दणदणाट, मध्येच पुरुषी आरोळी, असं समीकरण होतं. चावेलाने ताफा काढून टाकला. फक्त गिटार ठेवली आणि लय इतकी संथ केली की प्रत्येक शब्द लख्ख ऐकू यावा. पुरुषाने बाईला उद्देशून म्हणायची गाणी तिने सर्वनामं न बदलता, बाईला उद्देशूनच म्हटली. पन्नास-साठच्या दशकांतल्या मेक्सिकोत याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. तिचा पहिला अल्बम १९६१ मध्ये आला. पुढे दारूने तिला गिळलं. सत्तरच्या दशकात ती मंचावरून दिसेनाशी झाली आणि अनेकांनी ती मेली असंच धरलं.

गारिबाल्दी चौकापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर शिक्षण मंत्रालयाची इमारत आहे. तिच्या भिंतींवर दिएगो रिवेराने १९२०च्या दशकात चित्रं रंगवली. वरच्या मजल्यावरच्या चित्रमालिकेत एक लाल पट्टी चित्रामागून चित्रं ओलांडत जाते आणि तिच्यावर ‘कोरिदो’चे, म्हणजे मेक्सिकोच्या पोवाड्यांचे शब्द लिहिलेले आहेत. त्यातल्या एका चित्रात कष्टकऱ्यांच्या टेबलाशी बसून पाव मोडणारा माणूस दिसतो. तो वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्यावरून रंगवला, असं मानलं जातं. गदर चळवळीतून देशोदेशी फिरलेले खानखोजे तेव्हा चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत होते आणि मक्यावर संशोधन करत होते. कांतिनाच्या टेबलावर ज्या मक्याचे टोस्तादा येतात, त्या मक्याच्या वाणांवर एका मराठी माणसाने आयुष्याची वर्षं वेचली आहेत. ज्या कोरिदोंना रिवेराने भिंतीवर जागा दिली, ती गाणीही सैनिकांच्या छावण्यांत आणि कांतिनांतच मोठी झाली.

गाण्याइतकीच या रात्रीची दुसरी शीर जुनी आहे, ती टवाळीची. क्रांतीच्या काळात शहरातल्या ‘रेविस्ता’ नाट्यगृहांत नाच, गाणं आणि ताज्या बातमीवरची कोपरखळी एकाच तिकिटात मिळे. मूळची स्पेनची मारिया कोनेसा या मंचाची राणी. गाता गाता प्रेक्षकांत उतरून तिने खुद्द पांचो वियाच्या कोटाची बटणं सुरीने कापली, असं सांगतात. गरीब वस्त्यांत मात्र कापडी तंबू होते. त्यांना ‘कार्पा’ म्हणत. तिकीट स्वस्त, एकेक खेळ आखूड. खेळ रटाळ निघाला तर प्रेक्षक गप्प बसत नसत. विनोदी नट कांतिंफ्लास याच तंबूंमध्ये घडला. तिथलाच दुसरा सोंगाड्या पालियो. मंत्र्यांवर इतकं उघड बोलायचा की वारंवार कोठडीत जायचा. पुढे तो अटकेविरुद्धचा न्यायालयाचा आदेश खिशात ठेवूनच मंचावर जाऊ लागला.

१९४०च्या दशकात कॅबरे म्हणजे पिसांचे मुकुट, क्यूबाहून आलेल्या नर्तकी, रुंबा आणि मांबो. निनोन सेविया, तोंगोलेले ही नावं सिनेमाच्या पडद्यावरही गाजली. आगुस्तीन लारा पियानोशी बसून रात्रीच्या बायकांवर बोलेरो रचत होता. मग १९५२ मध्ये एर्नेस्तो उरुचुर्तूच्या हाती शहराचा कारभार आला आणि तो १९६६ पर्यंत राहिला. नीतिमत्तेच्या नावाखाली त्याने रात्री एकला दिवे मालवायला लावले. कॅबरेंना टाळी लागली, तंबू उठले. मंचावरच्या बाईला या काळात देह होता, आवाज होता, पण बोलायचं काय ते दुसरंच कोणी लिहून देत असे.

ते बदललं ते शहराच्या दक्षिणेला, कोयोआकानमध्ये. माद्रिद नावाच्या शांत रस्त्यावर १९५३ साली कवी आणि शहराचे बखरकार साल्वादोर नोवो यांनी एका जुन्या प्रार्थनाघराचं नाट्यगृह केलं होतं. शेजारी त्यांचंच उपाहारगृह. त्याच आवारात १९९० मध्ये दिग्दर्शिका-अभिनेत्री हेसुसा रोद्रिगेस आणि तिची जोडीदार, अर्जेंटिनाची संगीतकार लिलियाना फेलिपे यांनी ‘एल आबितो’ उघडलं. छोटा मंच, त्याला चिकटून टेबलं, टेबलावर मेस्कल आणि कोपऱ्यात लिलियानाचा पियानो. आठवड्यात घडलेली भानगड आठवडा संपायच्या आत मंचावर येई. हेसुसा राष्ट्राध्यक्ष कार्लोस सालिनासची नक्कल करायची. सतराव्या शतकातली कवयित्री जोगीण सोर हुआना हिला तिने एका प्रहसनात आजच्या कडेकोट तुरुंगात नेऊन बसवलं. सत्तर वर्षं एकाच पक्षाची सत्ता असलेल्या देशात टीव्ही जे बोलत नव्हता, ते इथे ग्लास हातात घेऊन ऐकता येत होतं. आस्त्रिद आदाद याच पिढीची. निवडुंग, काळीज, पिरॅमिड अशी अख्खी दृश्यं अंगावर पोशाख म्हणून चढवून ती रांचेरा गाते, आणि बाईच्या सोसण्याचं कौतुक करणारं तेच गाणं तिच्या तोंडी त्या सोसण्यावरची टीका होतं.

१९९१ मध्ये याच मंचावर दारू सोडलेली, बहात्तर वर्षांची चावेला वार्गास परतली. टेबलांवर पेले होते आणि ज्यांनी तिचं नाव फक्त ऐकलं होतं अशी तरुण माणसंही होती. तिथेच तिला ऐकलेल्या मानुएल आरोयो या स्पॅनिश प्रकाशकाने तिला माद्रिदला नेलं. पेद्रो आल्मोदोवारने तिचा आवाज आपल्या चित्रपटांत घेतला. २००३ मध्ये ती न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायली. २०१२ मध्ये ती गेली, तेव्हा त्र्याण्णव वर्षांची होती. ज्या कांतिना-संगीताला सभ्य समाज नाक मुरडायचा, त्याचा एवढा मोठा प्रवास टेबलांच्या गर्दीतल्या एका छोट्या मंचावरून पुन्हा सुरू झाला.

२००५ मध्ये हेसुसा आणि लिलियानाने ही जागा ‘लास रेइनास चुलास’ या चौघींच्या हाती दिली: आना फ्रान्सिस मोर, मारिसोल गासे, सेसिलिया सोत्रेस आणि नोरा उएर्ता. जागेचं नाव झालं ‘एल बिसिओ’. १९९८ पासून एकत्र काम करणाऱ्या या चौघींनी कॅबरेला शाळा दिली. त्या आंतरराष्ट्रीय कॅबरे महोत्सव भरवतात, कार्यशाळा घेतात, आणि मानवी हक्कांसाठी काढलेल्या त्यांच्या संस्थेतून लैंगिक शिक्षण आणि बायकांवरची हिंसा हे विषय हसत-गात लोकांपर्यंत नेतात. त्यांच्या प्रयोगात नट स्वतःच लेखक असतो, स्वतःच वेश ठरवतो आणि समोरच्या टेबलावरच्या माणसाशी थेट बोलतो. नाटकातली ‘चौथी भिंत’ इथे नसते. प्रेक्षकाने मध्येच काही म्हटलं तर उत्तर तयार असावं लागतं, आणि ते त्याच दिवसाच्या बातमीला धरून असावं लागतं.

२०१८ मध्ये हेसुसा रोद्रिगेस सिनेटची सदस्य झाली. आना फ्रान्सिस मोर आधी शहराच्या विधिमंडळात गेली आणि २०२४ मध्ये मेक्सिको सिटीची सांस्कृतिक मंत्री झाली. ज्यांनी सत्तेची नक्कल करून हयात काढली, त्यांच्याच हातात नाट्यगृहांचे, चौकांतल्या मैफलींचे आणि अनुदानांचे निर्णय आले. त्यांच्याकडे कॅबरे शिकलेल्या तरुण मुलींपुढे त्यामुळे आता नवा विषय आहे. नक्कल करायची ती आपल्याच बाईंची, आणि पुढच्या टेबलावर कदाचित त्याच बसलेल्या असतील.