श्वासाचा हिशोब
दूषित हवेशी येणारा संपर्क कसा मोजतात?

तामिळनाडूतील कुंभकोणम हे गाव महाराष्ट्रीयांना सर्वस्वी परके नाही. ज्या तंजावर प्रांतात ते वसले आहे, तेथे भोसले घराण्याने १६७६ पासून १८५५ पर्यंत राज्य केले. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण म्हणून नाव मिळविलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये याच गावी एका मराठी कुटुंबात झाला. उत्तरेस कावेरी आणि दक्षिणेस अरसलार या नद्यांच्या मध्ये असलेले हे देवळांचे गाव पितळेच्या भांड्यांसाठी आणि विड्याच्या पानांसाठी प्रसिद्ध आहे. जवळच्या स्वामीमलै येथील ओतारी मेणाचा नमुना करून, त्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचा लेप देऊन, आजही देवांच्या धातुमूर्ती ओततात.

अशा गावात हवा शुद्ध आहे की दूषित, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. चौकात एक यंत्र उभे करावे, हवेतील धूलिकण मोजावे आणि आकडा जाहीर करावा, म्हणजे झाले! परंतु चौकात कोणी राहत नाही. ओतारी भट्टीपाशी बसलेला असतो, गृहिणी चुलीपुढे असते, मूल शाळेत असते आणि म्हातारे माणूस ओसरीवर असते. गाव एकच असले, तरी या चौघांच्या छातीत जाणारी हवा एक नसते.

हवेतील दूषितता आणि संपर्क

येथे दोन गोष्टींतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. एका घनमीटर हवेत किती धूलिकण आहेत, हे सांगणारा आकडा त्या हवेची दूषितता दर्शवितो. त्या हवेत कोण, किती वेळ श्वास घेत होते, हे त्याला जोडले म्हणजे जो हिशोब होतो, त्याला शास्त्रज्ञ ‘संपर्क’ म्हणतात. आरोग्यावर होणारा परिणाम या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका घराबाहेरील हवेत दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम धूलिकण आहेत. (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.) घरातील स्त्री दिवसातून तीन तास लाकडाच्या चुलीपुढे असते आणि तेथे हे प्रमाण १,००० आहे. उरलेले एकवीस तास ती ६० प्रमाणाच्या हवेत असते. तीन तासांचे ३,००० आणि एकवीस तासांचे १,२६० मिळून ४,२६० झाले. यास चोवीसांनी भागले असता सरासरी सुमारे १७८ येते. स्वयंपाकघराकडे न फिरकणाऱ्या माणसाची सरासरी मात्र ६० च राहते. चौकातील यंत्र दोघांसाठी एकच आकडा सांगेल. शिवाय, त्या स्त्रीच्या वाट्याला आलेल्या एकूण धुळीपैकी सत्तर टक्के धूळ दिवसाच्या केवळ आठव्या हिश्शात आलेली आहे, हेही त्या यंत्राला कधी कळणार नाही.

अंगावर वागविण्याचे यंत्र

१९५२ च्या डिसेंबरात लंडन शहरावर दाट धुके आणि धूर साचून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर अनेक देशांत हवा मोजणाऱ्या केंद्रांचे महत्त्व वाढले. परंतु यंत्र माणसाबरोबर हिंडले पाहिजे, ही कल्पना प्रत्यक्षात उतरली ती कामगारांच्या आरोग्याच्या क्षेत्रात. इंग्लंडमधील हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रातील शेरवुड आणि ग्रीनहॅल्श यांनी १९६० मध्ये अंगावर वागविता येईल अशा लहान पंपाचे वर्णन प्रसिद्ध केले.

या यंत्राची रचना समजण्यास कठीण नाही. एक छोटा पंप कमरेला किंवा झोळीत असतो. त्याच्या नळीचे तोंड नाकाजवळ, गळ्याखाली अडकवितात. आत शिरणारी हवा प्रथम भोवऱ्यासारखी फिरविली जाते. त्यामुळे जड कण बाजूला फेकले जातात आणि फुप्फुसात खोलवर जाऊ शकणारे सूक्ष्म कण तेवढे पुढील गाळणकागदावर बसतात. पंपाने मिनिटाला दीड लिटर हवा ओढली, तर चोवीस तासांत २,१६० लिटर, म्हणजे २.१६ घनमीटर हवा गाळली जाते. तेवढ्या वेळात गाळणकागदाचे वजन २१६ मायक्रोग्रॅमने वाढले असेल, तर सरासरी दूषितता दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम ठरते.

सारे कौशल्य या वजनात आहे. बोटांचा घाम किंवा हवेतील ओल एवढीही गोष्ट हिशोब बिघडविण्यास पुरेशी होते. म्हणून गाळणकागद ठराविक उष्णतेच्या आणि आर्द्रतेच्या खोलीत ठेवून मगच तोलतात. हवा न ओढलेले काही कोरे कागदही गावात नेऊन परत आणतात. त्यांचे वजन वाढले, तर कोठे तरी चूक झाली, हे उघड होते. हल्ली प्रकाशाच्या विखुरण्यावरून क्षणाक्षणाची दूषितता दाखविणारी स्वस्त उपकरणे मिळतात. परंतु कावेरीच्या खोऱ्यासारख्या दमट मुलखात पाणी शोषून फुगलेले कण त्यांना अधिक मोठे भासतात, म्हणून त्यांचे आकडे गाळणकागदाशी ताडून पाहावे लागतात. यांच्या जोडीला कोणत्या तासाला माणूस कोठे होते, याची नोंदवही ठेवतात.

तामिळनाडूतील खेड्यांत

या मोजणीचा एक पाया भारतातच घातला गेला. १९८१ मध्ये कर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर असे पंप बसविले. चुलीपुढील हवेत दर घनमीटरला सरासरी सुमारे ७,००० मायक्रोग्रॅम धूळ आढळली.

पुढे चेन्नईच्या कल्पना बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतील चार जिल्ह्यांमधील ४३६ ग्रामीण घरांत मोजणी करून २००२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरपण जाळणाऱ्या घरांत स्वयंपाकाच्या वेळी श्वसनीय कणांचे प्रमाण ५०० ते २,००० पर्यंत जात होते. स्वयंपाक करणाऱ्यांची दिवसाची सरासरी सुमारे २३१ पर्यंत गेली, तर स्वयंपाकात भाग न घेणाऱ्यांची सुमारे ९० पर्यंत खाली होती. स्वच्छ इंधन वापरणाऱ्या घरांत ती सर्वांचीच सुमारे ८२ होती. इंधन कोणते, स्वयंपाकघर कोठे व कसे आणि त्याच्याजवळ किती वेळ घालविला, यांवर संपर्क मुख्यतः अवलंबून असल्याचे दिसून आले.

मग चूल काढून गॅस दिला, तर प्रश्न सुटेल काय? हे पाहण्यासाठी भारत, ग्वातेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत ३,२०० गर्भवती स्त्रियांचा एक मोठा प्रयोग झाला. भारतातील त्याची क्षेत्रे तामिळनाडूतील विळुप्पुरम आणि कुंभकोणमच्या शेजारचा नागपट्टिनम हे जिल्हे होती. निम्म्या स्त्रियांना गॅसची शेगडी आणि इंधन विनामूल्य देण्यात आले. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गॅस मिळालेल्या स्त्रियांचा अतिसूक्ष्म कणांशी येणारा संपर्क सुमारे २४ पर्यंत उतरला. इतरांचा सुमारे ७१ राहिला. तथापि जन्मलेल्या बालकांच्या सरासरी वजनात गणनीय फरक आढळला नाही. एका गटात ते २,९२१ ग्रॅम, तर दुसऱ्यात २,८९८ ग्रॅम होते.

हा निकाल अनेकांना निराश करणारा होता. परंतु त्याचे मोल कमी नाही. स्त्रिया या प्रयोगात आल्या तेव्हा गर्भारपणाचे काही आठवडे आधीच उलटले होते. गटांऐवजी प्रत्येक स्त्रीचा मोजलेला संपर्क आणि बालकाचे वजन ताडून पाहिले असता, अधिक संपर्काबरोबर वजनात थोडी घट दिसून आली. प्रत्येकीच्या अंगावर यंत्र नसते, तर ही तुलना करताच आली नसती.

पुढील पाऊल

भारताच्या २००९ च्या मानकांनुसार अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण वर्षाच्या सरासरीने दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा ५ असावी, अशी शिफारस केली. हे दोन्ही आकडे बाहेरील हवेसाठी वापरले जातात. परंतु ज्या देशात अद्याप कोट्यवधी घरांत सरपण जळते, तेथे केवळ चौकातील आकड्यावर विसंबणे म्हणजे घरातील आजाऱ्याची नाडी सोडून अंगणातील झाडाची पाने मोजणे होय.

भट्टीपुढील ओतारी, चुलीपुढील गृहिणी आणि तिच्या कडेवरील मूल यांच्या श्वासाचा स्वतंत्र हिशोब मांडला, म्हणजे पैसा कोठे खर्चावा हे कळते: भट्टीला धुराडे हवे, की घराला गॅस हवा, की दोन्ही हवीत. शेजारची चूल पेटलेली असेल, तर आपल्या घरातील गॅसचाही लाभ उणावतो, हेही अशाच मोजणीतून उमजते. श्वास एकेकट्याने घ्यावयाचा असला, तरी हवा साऱ्या आळीची मिळून असते.